एक घर नंबर, दोन चुली

आत्यांच्या वहीचं एक पान आधी उतरवून देते. २०१९ च्या सप्टेंबरातलं आहे. वर 'दूध दीड लिटर'. खाली 'नातू, व्हॅनचे पैसे'. त्याखाली 'थोरलीचं आधार, पासबुक, नाव जुळत नाही'. मग 'रताळी भांगलण, बायका चार'. आणि अगदी तळाला, वेगळ्या पेनानं, 'लेकीला कोण सांगणार?'

घरचा हिशेब आणि गावचं काम त्यांनी कधी वेगळ्या वहीत लिहिलं नाही. मी त्यांची सून. मी आत्या म्हणायची, गाव आक्का म्हणायचं. २०२३ च्या दिवाळीनंतर त्या गेल्या. बाराव्याला आलेली माणसं त्यांनी किती जणांना घरं मिळवून दिली ते मोजत बसली होती. कोणी साठ म्हणालं, कोणी शंभर. वहीत तसा आकडा कुठंच नाही, म्हणून मीही तो देणार नाही. त्याऐवजी एकच प्रकरण लिहिते. त्यात मी स्वतः कागद वाचायला होते, त्यात आत्यांची एक चूक आहे, आणि त्याचा चटका आमच्याच घराला बसला.

आत्यांचं माहेर चंदगडकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं. तिकडं भावाच्या सरकारी घराला 'घरकुल' म्हणतात आणि जमिनीचा कागद म्हणजे सातबारा. लग्न होऊन त्या अलीकडं, कर्नाटकात आल्या, तर इथं कागदाला पहाणी म्हणतात आणि सरकारी घराला 'आश्रय'. १९९१-९२ साली कर्नाटकात आश्रय योजना आली, पुढं तिलाच बसव वसती म्हणायला लागले, तरी आमच्या गावात म्हाताऱ्या बायका अजून 'आश्रय मंजूर झालं काय?' असंच विचारतात. १९९३ च्या पंचायत राज कायद्यानंतर पहिली निवडणूक झाली त्यात बायकांसाठी राखीव जागा होती. सासऱ्यांनी आत्यांचा अर्ज भरला. निवडून आल्यावर सही कुठं करायची तेही आपणच सांगू, असा त्यांचा हिशेब असावा. वर्षभरात उलटं झालं. आत्या पंचायतीत जायच्या आणि सासरे म्हशीची धार काढायचे. दोन वेळा त्या सदस्य होत्या. नंतर उभ्या राहिल्या नाहीत, पण माणसं यायची थांबली नाहीत.

त्यांचं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. पंचायतीचे कागद कानडीत. माझं शिक्षण बैलहोंगलला कानडी माध्यमात झालं, आणि खरं सांगायचं तर स्थळ बघताना आत्यांनी सगळ्यात आधी तेच विचारलं होतं. लग्नानंतर आठव्या दिवशी माझ्यापुढं एक नोटीस ठेवली. मी वाचून भाषांतर करायला लागले तर म्हणाल्या, "सगळं नको गे. तारीख कुठली आणि सही कुठं मागालेत तेवढं सांग."

एक नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, आत्या दरवर्षी काळी साडी नेसून बेळगावात मराठी माणसांच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीला जायच्या. एक वर्षही चुकवलं नाही. आणि दोन नोव्हेंबरला त्याच बाई पीडीओ, म्हणजे पंचायतीच्या अधिकारी साहेबांसमोर मोडक्या कानडीत कोणाच्या तरी वारसाचा कागद घेऊन बसलेल्या असायच्या. यात काही विसंगती आहे असं त्यांना वाटत नव्हतं. मला सुरुवातीला वाटायची. सीमाप्रश्नावर बोलणारी माणसं आमच्याकडं गल्लीगल्लीत आहेत. वंशवृक्षाच्या, म्हणजे वारसांच्या दाखल्याच्या अर्जाला काय जोडायचं हे सांगणारं माणूस मात्र शोधावं लागतं.

पडझड

आमचं गाव मार्कंडेयकाठी. वर राकसकोपचा जलाशय, खाली भाताची शेती, आणि घरं बहुतेक मातीच्या भिंतींची, वर मंगळुरी कौलं. ज्या घराची ही गोष्ट आहे ते गावाच्या उताराला, ओढ्याच्या अंगाला होतं. एकच लांब घर. पुढच्या दोन खोल्यांत धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन मुलं. मागच्या दोन खोल्यांत थोरल्याची विधवा आणि तिची दोन मुलं. थोरला २०१६ साली गेला. मधली भिंत एकच, पडवी एकच, तुळस एकच, चुली दोन.

धाकट्याची बायको म्हणजे आत्यांची लेक, माझ्या वन्सं. गावातच दिलेली.

२०१९ सालची नागपंचमी पाच ऑगस्टला होती. वन्सं मुलांना घेऊन सणाला आमच्याकडं आल्या होत्या. त्या दिवसांत पाऊस असा काही लागला की त्या परत जाऊच शकल्या नाहीत. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्यांनाच पूर होता, बेळगाव जिल्ह्यात गावंच्या गावं उठवावी लागली. त्या मानानं मार्कंडेयचं पाणी आमच्याकडं दोन दिवस ओढ्यात उलटं शिरलं आणि उतरलं. मागच्या खोल्यांत गुडघाभर. थोरली जाऊ मुलांना घेऊन शाळेत जाऊन राहिली.

पाऊस थांबल्यावर भिंती पडतात, हे शहरातल्या माणसाला लवकर पटत नाही. भिजलेली माती जड होते, तळाचे थर लोण्यासारखे होतात, तरी पावसात ती कशीबशी उभी असते. ऊन पडलं की वरची बाजू सुकून आकसते, तळ ओलाच राहतो, आणि मग ती बसते. बसतेच म्हणायचं, कारण कोसळल्याचा आवाजसुद्धा होत नाही, पोतं टेकवावं तसा नुसता धप्प होतो. सर्वेला माणसं आली तेव्हा मागची भिंत आणि गोठा पडलेला होता, मधली लांब भिंत उभी होती. त्यांनी मोबाईलमध्ये फोटो काढले आणि घर 'सी' गटात घातलं. तीन दिवसांनी उघडीप झाली आणि मधली भिंत बसली. तिच्याबरोबर दोन्हीकडचं छप्पर खाली आलं.

गटाला किती महत्त्व होतं ते सांगायला हवं. त्या वर्षी सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला, म्हणजे 'ए' गटाला, पाच लाख जाहीर केले होते. 'सी' गटाला पन्नास हजार. एका अक्षराचा फरक साडेचार लाखांचा होता.

आत्यांनी त्या दिवशी दोन कामं केली. ढिगाऱ्यातलं एक कौल कोणाला हलवू दिलं नाही. थोरलीची भांडी आत होती, ती रडत होती, तरी नाही. आणि माझ्या मुलाला पळवत पाठवून त्या दिवशीचा 'तरुण भारत' मागवला. थोरलीला ढिगाऱ्यासमोर उभं केलं, हातात पेपर उघडून धरायला लावला, तारीख दिसेल असा, आणि मला फोटो काढायला सांगितलं. मी चार कोपऱ्यांतून काढले. नंतर तलाठ्याकडून पंचनामा, आजूबाजूच्या पाच जणांच्या सह्या, पुन्हा सर्वे करा असा अर्ज. पहिल्यांदा 'ॲप बंद झालंय' असं उत्तर आलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेला आत्या सकाळी साडेदहाला जाऊन बसल्या आणि दुपारची भाकरी तिथंच सोडून खाल्ली. घर 'ए' गटात गेलं. गणपतीला तेव्हा चार दिवस राहिले होते.

इथंपर्यंतची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि बाराव्याला तीच सांगितली जात होती. माझ्या मते खरं प्रकरण इथून सुरू होतं.

पैसे कोणाचे

सुरुवातीची तातडीची मदत, दहा हजार रुपये, आमच्या गावात रेशन कार्डाप्रमाणे मिळाली. दोघी जावांची कार्डं वेगळी, म्हणून दोघींना मिळाली. पाच लाख मात्र घराला होते. आणि पंचायतीच्या दप्तरी ते घर एक होतं, एका नंबराचं, आणि तेही त्या दोन भावांच्या आज्याच्या नावावर. आजा कधीचा गेलेला, बापही गेलेला. घरपट्टी भरली जात होती म्हणून उतारा कोणी बघितला नव्हता.

म्हणजे तीन गाठी एकदम. मेलेल्या माणसाच्या खात्यावर पैसे येत नाहीत, म्हणून वंशवृक्ष काढायचा. वारसांपैकी एकाच्याच खात्यावर पैसे येणार, म्हणून बाकीच्यांनी संमती लिहून द्यायची. आणि हे लवकर करायचं, कारण यादीवरचं काम पुढं सरकत होतं.

दाजींचं, म्हणजे धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. ते उद्यमबागेत एका फौंड्रीत कामाला. म्हणाले, "पैसे माझ्या खात्यावर येऊ देत. अडीच लाख वहिनीला देतो. देवळात शपथ घेतो." माणूस खोटा नव्हता. आजही मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही.

आत्यांनी 'विचार करते' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला बोलावून आमच्या सोप्यात बसवलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा फरशीवर खडूनं घर काढलेलं होतं. मेस्त्रीचा हिशेब असा: चिऱ्याचा पाया, विटांच्या भिंती, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर स्लॅब न घालता पत्रा, जुनी चौकट आणि दारं वापरायची, मजुरीत घरच्यांनी हात लावायचा. तेव्हा कुठं पाच लाखांत काम बसतंय. अडीच लाखांत पाया आणि कमरेएवढ्या भिंती.

"आणि तिथं थांबलं तर?" आत्यांनी विचारलं.

तिथं थांबलं तर पुढचा हप्ता येत नाही. पैसे एकदम मिळत नव्हते. सुरुवातीला एक लाख, मग पाया, लिंटल, छत, पूर्ण झालेलं घर, अशा टप्प्यांवर जी.पी.एस.चा फोटो अपलोड झाला की पुढचे. लाभार्थी घरासमोर उभा असलाच पाहिजे. पहिल्या लाखाचे पन्नास-पन्नास केले तर पायाचाच फोटो होणार नाही. दोन घरं सुरू होतील आणि दोन्ही गवतात जातील. गावात अशी अर्धी घरं आहेतच, आतून एरंड उगवलेला असतो.

एकच घर बांधून दोन्ही जावांनी राहावं, दोन दारं काढावीत, असं मी सुचवलं. आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी भांडी उचलून आत गेले. थोड्या वेळानं त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "एका नंबरात परत दोन चुली? एकदा केली ती चूक पुरे झाली."

तेव्हा मला त्या चुकीबद्दल कळलं.

२०१३ च्या सुमारास पंचायतीच्या घरांचे उतारे कॉम्प्युटरवर चढवायचं काम सुरू झालं, ई-स्वत्तू. फॉर्म ९, फॉर्म ११ हे शब्द तेव्हापासून आमच्या बायकांच्या तोंडी आले. ज्यांना घरं वाटून वेगळे नंबर करून घ्यायचे होते त्यांना ती चांगली वेळ होती. थोरला भाऊ तेव्हा जिवंत होता. तो आत्यांकडं आला होता, की आम्ही दोघं वेगळे नंबर करून घ्यावेत म्हणतोय, तुम्ही काय सांगता? आत्यांनी त्याला परत पाठवला. त्यांची लेक त्या घरात होती. घर वाटलं की पुढं मनं वाटली जातात, तुळस कोणाच्या वाट्याला जाणार, लोक काय म्हणतील, असं सगळं त्यांनी त्याला सांगितलं. इतरांना ज्या बाई 'आधी नंबर वेगळा कर' म्हणून मागं लागायच्या, त्यांनी स्वतःच्या लेकीच्या घरी मात्र आईपण केलं. तो गप्प परत गेला आणि तीन वर्षांनी वारला.

हे त्यांनी मला चुलीपुढं बसून सांगितलं, आवाज न चढवता न उतरवता. ही गोष्ट गावात किती जणांना माहीत होती मला ठाऊक नाही. मी इथं लिहिते आहे, कारण ती वगळली तर पुढचा निर्णय निव्वळ मोठेपणा वाटेल. तो तसा नव्हता. त्यात परतफेड होती.

निर्णय

निर्णय असा: पाच लाख पूर्ण थोरल्या जावेच्या खात्यावर. घर मागच्या अंगाला, तिच्या नावावर. पुढची मोकळी जागा धाकट्याच्या नावावर वेगळ्या नंबरानं. जुनं लाकूड, कौलं, शाबूत पत्रे सगळं धाकट्याला, तात्पुरतं शेड घालायला. आणि धाकट्याच्या बायकोच्या नावानं पंचायतीत नेहमीच्या योजनेतल्या घराचा अर्ज.

कागदावर हे चोख वाटतं. यात एक भोक होतं आणि ते आत्यांना दिसत होतं. प्रधानमंत्री आवासचा नवा सर्वे, आवास प्लस म्हणतात तो, २०१९ च्या मार्चमध्येच संपला होता. तेव्हा वन्संचं घर उभं होतं, म्हणून त्यांचं नाव त्यात असायचं कारणच नव्हतं. राज्याच्या योजनेचं टार्गेट, म्हणजे घरांचा कोटा, पंचायतीला कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. म्हणजे थोरलीला हातातलं घर आणि लेकीला वायदा.

आणि सही दाजींची लागणार होती.

आमच्या सोप्यातच ते बोलणं झालं. मी दाराशी होते. दाजी मान खाली घालून बसले होते. वन्संनीच विचारलं, "आई, मी काय वाईट केलं तुझं?"

आत्या म्हणाल्या, "तुला आई हाय. तिला कोण हाय?"

वन्सं बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे तू माझी आई नसतीस, तर मला घर मिळालं असतं."

यावर आत्यांकडं उत्तर नव्हतं. मी इतक्या वर्षांत त्यांना निरुत्तर झालेलं तेवढंच बघितलं. दाजींनी दोन दिवसांनी ब्रह्मलिंगाच्या देवळात बाँडवर सही केली. पंचांसमोर बाँड वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. मागची जागा, पुढची जागा, मधून चार फुटांची वाट, तुळस वाटेत, तिला पाणी दोघींनी घालायचं. तुळशीचं वाक्य आत्यांनी घालायला लावलं होतं. लिहिणाऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं, पण लिहिलं.

मी तेव्हा आत्यांच्या बाजूची नव्हते. आजही पूर्ण नाही. हिशेबाच्या अंगानं त्यांचं बरोबर होतं, हे मेस्त्रीच्या खडूनं सिद्ध केलं होतं. दाजींना पगार होता, थोरलीला नव्हता. मागच्या खोल्या मुळापासून गेल्या होत्या. पण थोरलीच्या नावावर करायला वेगळी माणसं पुढं करता आली असती, पंचांनी निर्णय दिला असता, आई बाजूला राहिली असती. आत्यांना ते नको होतं. दुसऱ्याच्या तोंडून सांगणं त्यांना पळवाट वाटायची. लेकीला कोण सांगणार, या वहीतल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःलाच दिलं होतं. माझ्या मते तिथं त्या हट्टाला पेटल्या.

चार फोटो

वंशवृक्षाला तीन आठवडे गेले. त्यानंतर नावाचा घोळ. थोरलीच्या रेशन कार्डावर नवऱ्याचं पूर्ण नाव, आधारवर नुसतं आद्याक्षर, पासबुकावर माहेरचं आडनाव, कारण खातं लग्नाआधी शाळेत असताना काढलेलं. तीन कागद, तीन बायका. नवं खातं काढलं, त्याला आधार जोडलं, आणि मग एका कार्यालयात खातेनंबर चढवताना एक आकडा चुकला. चूक सापडायला दोन महिने, दुरुस्त व्हायला आणखी दोन. कोणाची चूक हे आत्यांनी शोधलं नाही. शोधलं तर तो माणूस फाईल उघडणार नाही, असं त्यांचं मत. मला संताप यायचा. त्या डबा घेऊन जायच्या, बसायच्या, यायच्या.

पहिला लाख २०२० च्या फेब्रुवारीत आला. पाया निघाला आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. वाळू थांबली, सिमेंट थांबलं, गवंडी विजापूरकडचे होते ते चालत गावाला गेले. पावसाळ्याआधी पाया भरून घ्यायचा म्हणून थोरली, तिची मुलं आणि दाजी यांनी रात्री खडी आणि मुरूम भरला. हो, दाजी. बाँडवर सही करून भावजयीशी तोंडदेखलं बोलणारा माणूस फौंड्री बंद पडल्यावर दीड महिना तिच्या घराच्या पायासाठी राबला. त्याचे पैसे घेतले नाहीत. आत्यांच्या वहीत त्या दिवसांत रोज एक ओळ आहे: 'जावई, पाया, जेवण इकडं.'

त्या घराचे चार फोटो माझ्या जुन्या फोनमध्ये आहेत. सरकारी फोटो पंचायतीचा माणूस काढायचा, मी मागून माझ्यासाठी काढायची. पायाच्या फोटोत थोरली डोक्यावर पदर घेऊन उभी आहे, डोळे मिटलेले, म्हणून पंचायतीच्या माणसानं पुन्हा काढला. लिंटलच्या फोटोत ती चौकटीत उभी आहे, चौकट जुन्याच घराची, वरच्या पट्टीवर हळदीकुंकवाचे जुने डाग तसेच. ती चौकट खरं म्हणजे धाकट्याच्या वाट्याला गेली होती. वन्संनी आपणहून परत पाठवली, बरोबर निरोप नाही. छताच्या फोटोत पत्रे चमकतात आणि बाकी काही दिसत नाही. चौथ्या फोटोत उजव्या कडेला एक काठी आणि निळ्या साडीचा काठ आला आहे. "आक्का, थोडं बाजूला सरका, लाभार्थी सोडून दुसरं कोणी यायचं नाही," असं तो म्हणाला होता. आत्या सरकल्या, पण गुडघ्यांमुळं पूर्ण सरकता आलं नाही. त्यांच्या सगळ्या कामाचा माझ्याकडं असलेला तो एकच फोटो, आणि त्यात त्या नाहीतच.

पत्र्याखालची वर्षं

वन्सं पुढच्या जागेत जुन्या लाकडाच्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या. वर्षभर म्हणता म्हणता तीन पावसाळे गेले. टार्गेट येईना. २०२० च्या मध्याला पंचायतीची मुदत संपली, प्रशासक आला, निवडणूक त्या वर्षीच्या डिसेंबरात झाली. तोवर ग्रामसभा नाही आणि ग्रामसभेशिवाय लाभार्थी निवड नाही. नव्या सदस्यांनी आपापली माणसं पुढं केली.

एप्रिलमध्ये त्या शेडमध्ये दुपारी बसवत नसे. पावसात पत्र्यावरचा आवाज इतका, की मुलांना अभ्यासाचं वाचायचं तर ओरडून वाचावं लागे. थोरलीचं घर पाठीमागं चार फुटांवर, भिंतीला पोपटी रंग. वन्सं तुळशीला पाणी घालायच्या ते अंधारात, कोणी बघायच्या आत.

आत्यांशी त्यांचं बोलणं बंद होतं असं म्हणता येणार नाही. ते माझ्यामार्फत चालायचं. "तुझ्या आत्यांना सांग, मुलाचा ताप उतरला." मी सांगायची. आत्या म्हणायच्या, "तिला सांग, तांदूळ काढून ठेवलेत." मीही सांगायची. चंदगडहून मामा आले की दोघी एका ताटाला बसायच्या आणि मामांशी बोलायच्या.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पाऊस झाला. बावीस तारखेच्या रात्री शेडचे चार पत्रे उडाले. वन्सं मुलं, गॅसची टाकी आणि दप्तरं घेऊन आमच्या दारात आल्या. आत्यांनी दार उघडलं. कोणी काही बोललं नाही. सकाळी बघते तर आत्या सोप्यात घोंगडीवर झोपल्या होत्या आणि त्यांच्या खाटेवर वन्सं. चार दिवस राहिल्या. पाचव्या दिवशी जाताना वन्सं मला म्हणाल्या, "आईचा पाय सुजलाय, तुला दिसत नाही काय?" 'आई' म्हणाल्या, 'तुझ्या आत्या' नाही. मी ते आत्यांना सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं असावं.

टार्गेट पुढच्या वर्षी आलं. ज्या दिवशी ग्रामसभा होती त्या दिवशी आत्या घरात पावटे सोलत बसल्या. मी म्हटलं, चला. म्हणाल्या, "मी गेले तर माझ्यामुळं मिळालं म्हणतील. तिला तिच्या पत्र्यामुळं मिळू दे." यादीत वन्संचं नाव सातवं आलं. तिथं कोणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला तोंड नव्हतं कोणाला, सगळ्यांनी तीन पावसाळे तो पत्रा बघितला होता. नाव सुचवायला उभी राहिली ती थोरली जाऊ. ग्रामसभेत ती त्याआधी कधी बोललेली नव्हती आणि त्या दिवशीही एकच वाक्य बोलली, "माझ्या आधी तिचं व्हायला पाहिजे होतं."

२०२३ च्या मे महिन्यात वन्संच्या घराची वास्तुशांत झाली. रक्कम पुराच्या मदतीपेक्षा पुष्कळ कमी, म्हणून घर लहान, आणि वरचे पैसे दाजींनी फौंड्रीतून उचल घेऊन घातले. आत्या काठी टेकत गेल्या. वन्संनी पाट दिला, चहा दिला, पाया पडल्या. आत्यांनी घर फिरून बघितलं नाही. आधी बाहेर जाऊन दारावरचा नंबर बघितला. जुन्या नंबरापुढं तिरकी रेघ आणि एक. बोटानं ती रेघ पुसून बघितली, रंग पक्का आहे की नाही. मग आत येऊन म्हणाल्या, "आता चहा दे आणि एकदा, हा गार झाला."

मघाच्या वहीत शेवटचं लिहिलेलं पान ऑक्टोबरातलं आहे. दूध, गोळ्या, कोणा एका बाईचं वंशवृक्ष. आमचं घर सोडून गावातल्या सगळ्यांच्या कागदाची नोंद. बाराव्यानंतर घरपट्टी भरायला मी पंचायतीत गेले आणि सहज म्हणून आमचा उतारा मागितला. घर आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. नंबर एकच. आमच्याकडं चुली दोन आहेत, माझी आणि माझ्या जावेची, सहा वर्षं झाली. मी अर्ज लिहून दिला. साहेबांनी वाचला, माझ्याकडं बघितलं आणि कानडीत विचारलं, "आक्कांच्या घरचं?"

मी हो म्हटलं. त्यांनी कागद परत दिला. वंशवृक्ष जोडलेला नव्हता.